लॅमिंग्टन रोडचा ‘हौशी वायरलेस’ संच : घ्यावा, पण तार वेगळी आणावी

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलं की सुट्या भागांच्या दुकानांत सध्या एक तपकिरी पुठ्ठ्याचा खोका दिसतो. कंपनीचं नाव नाही. वर फक्त ‘हौशी वायरलेस, १९०५ ते १९२५’ एवढंच छापलेलं. किंमत १,४५० रुपये. दोन घेतले तर १,३०० ला एक पडतो. आत तीन उपकरणांचं सामान आहे. धातूच्या किसाचा कोहेरर (रेडिओलहर आली की वीज वाहू देणारी नळी), गॅलिना या खनिजाच्या खड्यावर, बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट, आणि बझरला जोडलेली मोर्सची की, म्हणजे डॉट-डॅशचे संदेश द्यायची कळ. जोडीला लाकडी फळी, स्क्रू, नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप आणि ४० पानांची मराठी पुस्तिका. बॅटरी आपली आपण आणायची.

संच घेण्याजोगा आहे. हौशी रेडिओची, म्हणजे छंद म्हणून स्वतः वायरलेस संदेश पाठवण्या-ऐकण्याची, पहिली वीस वर्षं हाताने जुळवून कळावीत, असं दुसरं काही मराठीत सध्या मिळत नाही. पण पुस्तिकेतली आकृती जशीच्या तशी जोडली तर क्रिस्टल सेट अर्धाच चालतो आणि कोहेरर दोन मिनिटांत अडकतो. म्हणून त्याच फेरीत या वस्तूही घेऊन या: २४ गेजची एनॅमल तार ५० ग्रॅम, १०० किलोओहमचा एक आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर, ६ व्होल्टची छोटी रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच), आणि ओए७९ किंवा १एन३४ जातीचा जर्मेनियम डायोड. तार सोडली तर बाकीचं किरकोळ आहे.

खोक्यात घालून वायरलेस विकण्याची कल्पना जुनी. ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या न्यूयॉर्कमधल्या इलेक्ट्रो इम्पोर्टिंग कंपनीने १९०५-०६ च्या सुमारास ‘टेलिम्को’ नावाचा संच काढला आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जाहिरात दिली. ठिणगी पाडणारी कॉइल, कोहेरर आणि घंटा एवढं सामान, किंमत दहा डॉलरच्या आत, पल्ला साधारण मैलभर. शाळकरी मुलांना घरी आणता येईल असा वायरलेस यातून पहिल्यांदा हाती आला. त्याच काळात, १९०३ ते १९०७, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते लॉर्ड लॅमिंग्टन, म्हणजे ज्यांचं नाव या रस्त्याला पडलं ते. पाटीवर आज डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच.

कोहेररपासून सुरुवात करा, कारण तो तासाभरात होतो. काचेच्या नळीत दोन्ही बाजूंनी पितळी बोल्ट आणि मधे धातूचा कीस. जवळपास ठिणगी पडली की तिच्या लहरींमुळे किसाचे कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते. टिचकी मारली की कण सुटतात. एदुआर ब्रान्ली यांनी १८९० मध्ये हा गुण दाखवला, ऑलिव्हर लॉज यांनी त्याला कोहेरर हे नाव दिलं, आणि मार्कोनींनी निकेलच्या किसात थोडी चांदी मिसळून, नळीतली हवा काढून तो कामाचा केला. संचात आहे लोखंडाचा कीस. मुंबईच्या हवेत, पावसाळ्यात तर हमखास, तो आठवड्यात गंजतो, आणि गंजलेला कण चिकटत नाही. किसाची पुडी आली तशी बंद ठेवा, लागेल तेवढाच काढा आणि काम झालं की नळी सिलिका जेलच्या पाकिटासोबत हवाबंद डबीत ठेवा.

बोल्टांमधलं अंतर पुस्तिकेत ५ मिलिमीटर दिलं आहे. ते फार झालं. दीड ते दोन मिलिमीटर ठेवा आणि जागा निम्मीच भरा, कण हलायला वाव हवा. गच्च भरला की नळी कायम ‘चालू’ राहते. दुसरी चूक वीजपुरवठ्याची. आकृतीत नऊ व्होल्टची बॅटरी थेट एलईडीतून कोहेररला दिली आहे. इतका प्रवाह गेला की कणांचे टोकाशी टाके बसतात आणि टिचकीनेही ते सुटत नाहीत; वर एलईडीही जातो. दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी असं एकामागे एक जोडा. प्रवाह मिलिॲम्पियरच्या आसपास राहतो, दिवा मंद पण स्पष्ट लागतो. स्वयंपाकघरातला खटका दाबायचा गॅस लायटर अर्ध्या मीटरवर वाजवला की दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बोल्टांना हातभर लांबीची एकेक तार जोडा. अँटेनाशिवाय लहर पकडायला कोहेरर फार छोटा पडतो.

आता क्रिस्टल सेट. पैसे वसूल होतात ते याच्यात, आणि खोक्यातल्या चुकाही सगळ्यात जास्त इथेच आहेत.

कॉइलसाठी ७५ मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी दिली आहे, चांगली जाड. त्यावर २४ गेजच्या तारेचे एकाला एक लागून ५२ वेढे घ्यायचे. त्यातून साधारण २४० मायक्रोहेन्री (कॉइलच्या क्षमतेचं माप) मिळतात आणि हिशेब बरोबर आहे. पण तार दिली आहे १२ मीटर. नुसत्या ५२ वेढ्यांनाच सव्वाबारा मीटर लागते, वर दोन्ही टोकांना वीतभर आणि मधल्या टॅपना, म्हणजे वेढ्यांमधून बाहेर काढायच्या जोडांना, थोडी. प्रत्यक्षात ४६ व्या वेढ्यालाच तार संपते. कॉइल १९५ मायक्रोहेन्रीच्या आसपास राहते आणि आकाशवाणीचं ५५८ किलोहर्ट्झवरचं अस्मिता डायलच्या अगदी टोकाला जातं. गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर, जरा कमी भरला तर येतच नाही. तारेला जोड देऊ नका, जोडाचा उंचवटा पुढचे वेढे बिघडवतो. बाजारात ही तार वजनावर मिळते. ५० ग्रॅममध्ये वीस मीटरच्या वर येते, एक कॉइल चुकली तरी चिंता नाही.

गुंडाळण्याआधी पुठ्ठा वाळवायला हवा. मुंबईचा दमट पुठ्ठा म्हणजे कॉइलच्या आत ओला स्पंज. ट्यूनिंगची धार बोथट होते आणि जवळची दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात. नळी तासभर दिव्याखाली किंवा कडक उन्हात ठेवा, लगेच लाखेच्या फ्रेंच पॉलिशचे दोन हात द्या, सुकू द्या आणि मग तार गुंडाळा. खालच्या टोकापासून ६, १२ आणि २६ व्या वेढ्यावर टॅप काढा. तार तोडायची नाही. तिथे छोटा फास करून पिळा आणि एनॅमल खरवडून टोक सोल्डर करा. एनॅमल नीट न खरवडल्यामुळे बंद पडलेले सेट इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त असतात, म्हणून प्रत्येक टॅप मल्टिमीटरने तपासा.

गँग कंडेन्सर जुन्या पद्धतीचा, हवेतल्या पात्यांचा आहे आणि तो सगळ्या संचातला सर्वोत्तम भाग ठरावा. मोजणीत त्याची धारिता, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, १८ पासून ४१० पिकोफॅरडपर्यंत भरली. पाती कुठे घासत नाहीत, दांडा डुगडुगत नाही. डायलचा कागद मीटरमध्ये, म्हणजे लहरीच्या लांबीत, आखला आहे, २०० ते ६००, आणि हे फार योग्य केलंय, कारण त्या काळची माणसं किलोहर्ट्झ नव्हे, मीटरच बोलत. अस्मिता ५३७ मीटरवर येतं आणि १०४४ किलोहर्ट्झवरचं संवादिता २८७ वर.

आकृतीत अँटेनाची तार थेट कॉइलच्या वरच्या टोकाला जोडलेली आहे. हीच त्यातली सर्वांत मोठी चूक. पंधरा मीटर तारेची स्वतःचीच धारिता नव्वद पिकोफॅरडच्या घरात असते. ती गँगमध्ये मिळवली की गँग पूर्ण उघडला तरी सेट साधारण ९६० किलोहर्ट्झच्या वर चढत नाही. म्हणजे संवादिता ऐकूच येणार नाही, आणि माणूस उगाच खड्याला दोष देत बसेल. अँटेना १२ व्या वेढ्याच्या टॅपवर घ्या. तिथून तिची धारिता कॉइलला जेमतेम पाच पिकोफॅरडइतकी जाणवते आणि पूर्ण पट्टा मोकळा होतो. तिथेही दोन स्टेशनं एकमेकांवर येत असतील तर सहाव्यावर उतरा; आवाज थोडा कमी होईल, पण स्टेशनं सुटी होतील. डिटेक्टर, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणारा खडा, २६ व्या वेढ्यावर घेतला तर धार आणखी वाढते.

इअरफोन क्रिस्टल जातीचा आहे, कानात घालायचा, फिकट रंगाचा. तो स्वतः एखाद्या कंडेन्सरसारखा असतो. त्यातून एकदिश प्रवाह जात नाही. डिटेक्टरमधून आलेला भार निघून जायला वाट नसली की आवाज चिरका येतो किंवा पहिल्या खरखरीनंतर बंद होतो. त्यासाठीच इअरफोनच्या दोन तारांमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा असतो, आणि खोक्यात तो नाही. पुस्तिकेत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ज्या इतिहासाबद्दल हा संच आहे त्यात दोन-दोन हजार ओहमचे हेडफोन होते. त्यांच्या वेटोळ्यांतून प्रवाह आपसूक जायचा, म्हणून जुन्या आकृत्यांत हा रेझिस्टर दिसत नाही. आकृती जुनी उचलली आणि इअरफोन नवा दिला, त्याचा हा परिणाम. मोबाइलचे इअरफोन थेट लावून काहीच ऐकू येणार नाही. ते ३२ ओहमच्या आसपास असतात, मधे ट्रान्झिस्टर रेडिओचा ऑडिओ आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो.

गॅलिनाचा खडा शेंगदाण्याएवढा, चकचकीत, घनाकार कडांचा, अस्सल आहे. शिसं आणि गंधक यांचं हे खनिज. डोळ्यांत घालायचा सुरमा म्हणून जे विकतात त्यातही पुष्कळदा हेच असतं. शिसं असल्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि लहान मुलांच्या हाती सुटा खडा देऊ नका. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्या डिटेक्टरसाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि २९ मार्च १९०४ रोजी त्यांना पेटंट मिळालं. पुस्तिकेत हे ठळकपणे दिलं आहे, पेटंटच्या ७५५,८४० या क्रमांकासह, आणि त्याबद्दल लिहिणाऱ्याचे आभार मानायला हवेत. पुढे १९०६ मध्ये ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनचा डिटेक्टर आणला. कमी पैशांत वायरलेस ऐकणाऱ्यांची फौज उभी राहिली ती या खड्यांमुळे. कोहेररला फक्त ठिणगी पडली की नाही एवढंच कळायचं. खड्याने सुराचा फरक, पुढे माणसाचा आवाजही कानापर्यंत आणला.

दुर्दैव असं, की खडा साध्या सोल्डरने पितळी कपात बसवला आहे. साधं सोल्डर वितळायला १८० अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि इतक्या उष्णतेने गॅलिनाची संवेदनशीलता मरते. जुने कारागीर सत्तर अंशांच्या आसपास वितळणारा वुड्स मेटल वापरत ते याचसाठी. तपासलेल्या दोन खोक्यांपैकी एकातला खडा जवळजवळ मुका होता. उपाय सोपा आहे. कप गरम करून खडा काढा, चिमट्याने त्याची एक कड हलकेच फोडून ताजा पृष्ठभाग उघडा, खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची चुरगळलेली फॉइल लावून खडा कपात दाबून बसवा आणि बाजूच्या स्क्रूने आवळा. नव्या पृष्ठभागाला बोट लावू नका. घामाचा थर बसला तर स्पिरिटने पुसा, घासू नका.

खड्यावर टेकवायच्या बारीक तारेला इंग्रजीत मांजराची मिशी म्हणायचे. संचातली तार फॉस्फर ब्राँझची आहे, जाडी बरोबर, पण टोक बोथट कापलेलं. कात्रीने तिरकं कापा. गॅलिनाला स्पर्श अगदी हलका लागतो. दाब दिला की आवाज जातो. संवेदनशील ठिपका शोधणं हे कौशल्याचं काम, आणि त्यासाठी जुने ऑपरेटर शेजारी एक टेस्ट बझर ठेवत. बझरच्या संपर्कबिंदूवर होणाऱ्या बारीक ठिणग्या सेटमध्ये ऐकू येत. जिथे त्या सर्वांत मोठ्या वाजतील तो ठिपका पक्का. खोक्यातला बझर इलेक्ट्रॉनिक आहे, त्यात ठिणगीच नाही, त्यामुळे तो या कामाला निरुपयोगी. इथेच रिले उपयोगी पडते. तिच्या कॉइलचा पुरवठा तिच्याच ‘नॉर्मली क्लोज्ड’, म्हणजे एरवी जोडलेल्या, संपर्कातून द्या; ती घुर्रघुर्र वाजत राहते आणि अस्सल टेस्ट बझर तयार होतो. सेटपासून हातभर अंतरावर दहा-पंधरा सेकंद चालवा, ठिपका मिळाला की बंद करा.

जर्मेनियम डायोड कशाला, असं वाटेल. तो तपासणीसाठी. आधी खड्याच्या जागी डायोड लावून स्टेशन आणा. आलं, तर कॉइल, गँग, इअरफोन, अँटेना सगळं ठीक. मग खड्याकडे वळा. एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टी शोधत बसलं की अख्खा रविवार जातो. काउंटरवर डायोड घेताना मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर पाहून घ्या. ०.२ ते ०.३५ व्होल्ट दाखवला तर काम होईल, ०.६ च्या आसपास दाखवला तर तो सिलिकॉनचा, परत करा.

अँटेना आणि अर्थिंग ही मुंबईच्या घरांतली खरी अडचण. आकाशवाणीचे प्रक्षेपक मालाडच्या मालवणीत आहेत. बोरिवली-कांदिवलीपर्यंत गॅलरीतली पाच-सहा मीटर तारही पुरते. कुलाबा तिथून तीसेक किलोमीटर, तिकडे पंधरा मीटर तार आणि चांगली अर्थ दोन्ही हवं. खिडकीची जाळी अँटेना म्हणून चालेल असं पुस्तिका म्हणते. आरसीसी इमारतीत ती जाळी पुष्कळदा सळयांना टेकलेली असते, म्हणजे आधीच जमिनीला जोडलेली. तिला अँटेना नव्हे, अर्थ म्हणून वापरून पाहा. नळाला अर्थ घ्या हा सल्लाही जुना झाला; बहुतेक इमारतींतले पाइप आता प्लॅस्टिकचे. जिथे अजून लोखंडी पाइप आहे, चाळीत बहुधा असतोच, तिथे रंग खरवडून क्लिप लावा. काहीच नसेल तर दहा मीटर इन्सुलेटेड तार गॅलरीच्या फरशीवर पसरून तिला अर्थच्या टोकाला जोडा, काम भागतं. भिंतीतल्या प्लगच्या पिनमध्ये तार कधीही खुपसू नका. गच्चीवर तार नेताना सोसायटीची परवानगी घ्या, विजेच्या तारांपासून लांब राहा, आणि जूनच्या पहिल्या गडगडाटापासून वापर नसताना अँटेना सेटपासून काढून बाहेरच ठेवा.

स्टेशनच आलं नाही तर सेटवर चिडण्याआधी साध्या ट्रान्झिस्टरवर तेच स्टेशन चालू आहे का पाहा. मध्यमलहरींच्या वेळा बदलत असतात, आणि डिजिटल डीआरएम प्रक्षेपण चालू असेल तेव्हा क्रिस्टल सेटमधून शब्दांऐवजी नुसती सरसर येते.

डायलच्या वरच्या टोकाला, २०० मीटरवर, लाल रेघ मारली आहे. पुस्तिकेत तिच्याबद्दल दोन ओळीही नाहीत, आणि हौशी रेडिओचा सगळा इतिहास त्या रेघेवरच उभा आहे. अमेरिकेत १९१२ पर्यंत ज्याला वाटेल तो, वाटेल त्या लहरीवर, स्वतःच ठेवलेल्या सांकेतिक नावाने ठिणग्या पाडत होता. नौदलाच्या आणि जहाजांच्या संदेशांत व्यत्यय येई, तक्रारी वाढल्या. एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं, ऑगस्टमध्ये कायदा आला. हौशींना २०० मीटर किंवा त्याखालच्या लहरी आणि जास्तीत जास्त १ किलोवॅट. नौदल किंवा लष्कराच्या केंद्रापासून पाच सागरी मैलांच्या आत असाल तर अर्धाच. त्या वेळचा समज असा, की लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा, आणि २०० मीटरच्या खाली काही अर्थाचं नाही.

तोटा खराच होता. ठिणगीच्या प्रक्षेपकात दर ठिणगीमागची ऊर्जा कंडेन्सरच्या धारितेवर अवलंबून असते, आणि २०० मीटरवर उतरायचं तर कंडेन्सर छोटा करावा लागे. मोठ्या अँटेनाही कापाव्या लागल्या. पल्ला घटला तेव्हा हौशींनी एकमेकांचे निरोप पुढे पोचवायला सुरुवात केली. हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांचा संदेश तीसेक मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला पोचेना; मधल्या गावच्या एका हौशीने तो घेऊन पुढे पाठवला. त्यातूनच १९१४ मध्ये मॅक्सिम आणि क्लॅरन्स टस्का यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. तिच्या नावातला ‘रिले’ हा शब्द तिथून आला. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, सगळी हौशी स्टेशनं बंद झाली. प्रक्षेपणाला पुन्हा मोकळीक मिळाली १९१९ च्या शरदात.

मग निर्वात नळ्या, म्हणजे रेडिओचे व्हॉल्व्ह, आल्या आणि त्या टाकाऊ पट्ट्यातून सोनं निघालं. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसनला तंबू ठोकून, चारशे मीटर लांबीची अँटेना टाकून कनेक्टिकटचं १बीसीजी हे हौशी स्टेशन ऐकलं. नोव्हेंबर १९२३ मध्ये शंभर मीटरच्या आसपास उतरून फ्रेड श्नेल आणि जॉन राइनार्ट्झ यांनी फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन दलॉय यांच्याशी दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. १८ ऑक्टोबर १९२४ ला न्यूझीलंडचे फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा विद्यार्थी बोलले, जवळजवळ पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात, हे या माणसांनी आपल्या खर्चाने सिद्ध केलं. मोठमोठी व्यापारी केंद्रं त्यानंतर तिकडे वळली.

संचाच्या संदर्भात हे सांगायचं कारण, लाल रेघ हाताने अनुभवता येते. अँटेना वरच्या टोकाला असताना सेट ९६० किलोहर्ट्झवर अडकतो, आणि २०० मीटर म्हणजे १५०० किलोहर्ट्झ. १९१२ मध्ये लांब अँटेना कापून बसलेल्या पोरांची नेमकी अडचण तीच. टॅपवर आलं की रेघ गाठता येते. तिथे आज ऐकायला काही मिळणार नाही, हेही स्पष्ट असू द्या. हौशींचे आजचे पट्टे या सेटच्या आवाक्याबाहेर आहेत.

पुस्तिकेचं मराठी चांगलं आहे, सुटसुटीत, उगाच संस्कृत शब्दांचा भार नाही. पण माहितीत तीन मोठ्या त्रुटी आहेत. ‘हॅम’ हा शब्द तीन मुलांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आला, ही दंतकथा तिने खरी म्हणून दिली आहे. मुळात तारयंत्रावरच्या गबाळ्या ऑपरेटरला हिणवायचा तो शब्द, पुढे हौशींनी अभिमानाने घेतला. दुसरी चूक जास्त नुकसान करणारी: मोर्सचा तक्ता अमेरिकन मोर्सचा छापला आहे, रेल्वेच्या तारेवर चालायचा तो. त्यात सी, एफ, जे, एल, ओ, पी, क्यू, आर, एक्स, वाय, झेड ही अकरा अक्षरं आणि ४ सोडून बाकीचे आकडे वेगळे आहेत. सुरुवातीच्या काही अमेरिकन हौशींनी तो वापरला हे खरं, पण जगभर चालतो तो आंतरराष्ट्रीय मोर्स. या तक्त्यावरून पाठांतर केलेल्या मुलाला सगळं विसरून पुन्हा शिकावं लागेल. तक्त्यावर कागद चिकटवा आणि बरोबर तक्ता लिहा.

तिसरी त्रुटी म्हणजे भारत एका परिच्छेदात उरकला आहे. १९२१ मध्ये परवाना मिळालेले कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू, सांकेतिक नाव २जेके, यांचं नाव आहे; मुंबईचं काहीच नाही. जून १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने हौशी पातळीवर कार्यक्रम प्रक्षेपित केले, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू व्हायच्या चार वर्षं आधी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये, छोडो भारतच्या धामधुमीत, याच शहरातून उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओ बोलू लागला. प्रक्षेपक उभा करणारे नरिमन प्रिंटर मुळात हौशी परवानाधारक. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरच्या अटकेपर्यंत चाललं. त्याची लहर होती ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, हौशी मंडळी आज ज्याला चाळीस मीटर म्हणतात, त्याच पट्ट्यात. १९२३ नंतर हौशींनी आखूड लहरींचा रस्ता उघडला नसता तर मोजक्या वॅटचं ते केंद्र मुंबईबाहेर कोणी ऐकलं असतं? मुंबईत विकल्या जाणाऱ्या संचाच्या पुस्तिकेत हे एक पान हवंच होतं. ‘१९०५ ते १९२५’ या चौकटीबाहेरचं असलं तरी हवं होतं.

मोर्सची की साधी, पण दणकट आहे. स्प्रिंग जरा ताठ. मागचा स्क्रू दीड आटा सैल करा आणि संपर्कबिंदूंमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवा. डॅश तीन डॉटांएवढा, अक्षरांमध्ये तीन डॉटांची जागा, शब्दांमध्ये सात. फळी टेबलावर सरकते, खाली रबराची बटणं चिकटवा.

एक इशारा. काही काउंटरवर याच खोक्यासोबत ‘स्पार्क ट्रान्समीटर बनवा’ म्हणून गाडीची इग्निशन कॉइल आणि गॅपचे गोळे वेगळ्या ४०० रुपयांना देतात. घेऊ नका. अँटेना जोडलेल्या ठिणगीची लहर कुठल्याही एका जागी राहत नाही, आसपासच्या सगळ्या रेडिओंत घुसते, आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण हा आपल्याकडे गुन्हा आहे. ठिणगीचं प्रक्षेपण तर परवानाधारकालाही करता येत नाही. शिवाय त्या कॉइलवर हजारो व्होल्ट असतात. ठिणगीचं युग समजून घ्यायला गॅस लायटर आणि कोहेरर पुरेसे आहेत.

विक्रीनंतरची सेवा दुकानागणिक वेगळी. सोल्डरने मेलेला खडा बदलून मिळतो, मात्र बिल आणि मूळ कप दोन्ही न्यावे लागतात, म्हणून खडा काढण्याआधी एकदा डायोडशी तुलना करून घ्या. कमी पडलेल्या तारेचे पैसे मात्र कोणी वजा करत नाही. विचारून पाहायला हरकत नाही, कारण खोक्यावर ‘५२ वेढे’ असं स्वच्छ छापलेलं आहे. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत जा. पुठ्ठा वाळवायला रात्र मिळते आणि रविवारी सकाळी कॉइल गुंडाळता येते.